मेळघाटच्या वाटा : आधी महिना बघा, मग चढ

सह्याद्रीत आधी गड चढायचा आणि मग उतरायचा. चिखलदऱ्यात सगळं उलटं. परतवाड्याहून घाट चढून आलेली एसटी तुम्हाला समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आणून सोडते आणि पायवाट तिथून खाली निघते. सकाळी ताज्या पायांनी उतार, आणि दुपारी दोनला, बाटलीत बोटभर पाणी उरलेलं असताना, चढ. या भागात माणसं अडकतात ती बहुतेक या उलट्या हिशेबामुळे. खाली नाल्यापर्यंत तासाभरात पोचलो म्हणजे वाट सोपी, असं वाटतं. त्या तासाचे परतताना दोन होतात, कधी अडीच.

दुसरा घोळ महिन्याचा. जी वाट नोव्हेंबरात आठवीतलं पोरगं गप्पा मारत पार करतं, तीच ऑगस्टात साबणासारखी निसरडी होते. एप्रिलात तिच्यावर सागाच्या वाळक्या पानांचा घोटाभर थर असतो आणि डोक्यावर वऱ्हाडचं ऊन. म्हणून ‘ही वाट सोपी आहे का?’ या प्रश्नाला उत्तर देण्याआधी ‘कोणत्या महिन्यात?’ असं विचारावं लागतं.

कुठे पाय ठेवता येतो

मेळघाट १९७३-७४ साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला. गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि कोअरच्या, म्हणजे गाभ्याच्या, जंगलात पर्यटकाने पायी फिरायचं नसतं. वैराट हे इथलं सगळ्यात उंच शिखर, ११७८ मीटर. नकाशात ते बघून पाय शिवशिवतात, पण तो भाग गाभ्याचा आहे, तिथे सफारीच्या गाडीतूनच जायचं. पायी फिरायला उरतं ते चिखलदऱ्याचं पठार आणि त्यावरचे पॉइंट, गाविलगड, अकोटकडून नरनाळा, मोर्शीकडून सालबर्डी, आणि वनखातं वाटाड्यासह परवानगी देतं त्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलातल्या, वाटा. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले असले तरी दोन्ही व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतात. नाक्यावर नोंद करायची, ओळखपत्राची झेरॉक्स जवळ ठेवायची, बाहेर पडायची वेळ विचारून घ्यायची आणि ती पाळायची.

परवानगी वनपरिक्षेत्र कार्यालयात मिळते. जायच्या दिवशी सकाळी जाऊन हात हलवत परत येण्यापेक्षा दोन-चार दिवस आधी विचारा. पावसाळ्यात सफारीचे रस्ते बंद असतात आणि तारखा दरवर्षी नव्याने जाहीर होतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. त्या काळात विडी-काडी, चूल, शेकोटी सगळं बंद. फोटोसाठी पेटवलेली चार काटकं साहेब लोकांना दुरून दिसतात आणि मग दिवस कार्यालयात जातो.

वाटाड्या शक्यतो त्याच गावचा कोरकू आदिवासी माणूस घ्या. पैसे आणि परतीची वेळ निघण्याआधी ठरवा. जेवण आपल्यात धरा. आणि ‘दादा, हा रस्ता कुठे जातो?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘या महिन्यात तुम्ही इकडून जाता का?’ असं विचारा. उत्तरात थोडी जरी टाळाटाळ आली तर ती वाट सोडून द्या.

डोंगराची घडण

हा सगळा सातपुड्याचा गाविलगड पट्टा काळ्या खडकाचा, बेसाल्टचा. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, त्यामुळे डोंगर पायऱ्यांसारखा झाला: थोडं सपाट, मग कडा, पुन्हा सपाट, पुन्हा कडा. दोन थरांच्या मध्ये अनेक जागी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. कोरडा असताना तो भुसभुशीत, ओला झाला की लोण्यासारखा. उभ्या चढावर लाल पट्टा दिसला की तिथे पाय घसरणार हे धरून चालायचं.

पट्ट्याची दक्षिण बाजू, म्हणजे वऱ्हाडच्या सपाटीकडची, एकदम तुटलेली आहे. उत्तरेला तापीकडे उतार सावकाश जातो. सिपना, खंडू, खापरा, गडगा या नद्या तिकडेच वाहतात. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनानी वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला तो उत्तरेकडून भिंत फोडून. त्यासाठी जड तोफा डोंगरांतून वळसा घालून न्याव्या लागल्या. आजच्या चालणाऱ्यालाही तेच गणित लागू आहे: दक्षिणेच्या वाटा आखूड पण उभ्या आणि दिवसभर उन्हात, उत्तरेच्या लांब पण पायाला बऱ्या.

कोणती वाट कोणासाठी

पहिल्यांदा येणाऱ्याने पठारावरच एक दिवस घालवावा. चिखलदरा गावातून देवी पॉइंट, तिथून गाविलगड, मासोळी कोरलेल्या दरवाज्याने आत जाऊन तळी आणि मशीद बघून परत. गावातून निघून गावात येईपर्यंत रमतगमत सहा तास धरा. चढउतार बेताचे आहेत, पण किल्ल्यात गवत कमरेइतकं वाढतं आणि त्यात उघडी टाकी, ढासळलेली जोती लपतात. ऑक्टोबरात गवतातली मळलेली वाट सोडू नका. तटावर चालायचं तर आतल्या अंगाने. बाहेरच्या कडेचे दगड मोकळे झालेत.

भीमकुंडाच्या कड्यावर मात्र सोपी-अवघड हा प्रश्नच नाही. भीमाने कीचकाला मारून या दरीत टाकलं आणि कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला, ही कथा सगळ्यांना माहीत असते. कड्याच्या टोकावरचं गवत पुष्कळ जागी अधांतरी असतं, हे कुणी सांगत नाही. खालची माती पावसाने गेलेली असते, वर नुसती मुळांची चटई. टोकापासून दोन काठ्यांच्या लांबीइतकं मागे थांबा. धुक्यात चार काठ्या.

मध्यम वाट म्हणजे नरनाळा. अकोटहून पोपटखेड, मग शहानूर. माथा ९०० मीटरच्या वर आहे आणि सपाटीवरून एकदम उठतो. गाडीरस्ता वळणं घेत वर जातो. पायी जायची मुभा मिळाली तर जुन्या दरवाज्यांची वाट बघत जा, महाकाली दरवाज्याचं कोरीवकाम चुकवू नका. तेलियागड आणि जाफराबाद या शेजारच्या गडांकडे मात्र वाटाड्याशिवाय वळायचं नाही. तिकडच्या वाटा ढोरांच्या आहेत. नरनाळ्याचा चढ दक्षिणेचा, म्हणजे उन्हाचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी नऊच्या आत निम्मा चढ संपला तर तो मध्यमच राहतो. अकराला सुरुवात केली तर अवघड होतो. मार्चनंतर पायी जाऊच नये, असं आमचं मत.

सालबर्डीला महादेवाच्या गुहेपर्यंत पायऱ्या-दगडांची वाट आहे. घरातल्या वयस्कर माणसांना घेऊन जायला बरी. महाशिवरात्रीची गर्दी टाळून जा.

अवघड म्हणजे पठारावरून खोऱ्यात उतरून पुन्हा वर येणाऱ्या, दिवसभराच्या बफरमधल्या वाटा. यांना दोन अनुभवी माणसं, एक वाटाड्या आणि सुटीचा संपूर्ण दिवस हवा. नागपंचमीला पचमढीची नागद्वारी यात्रा करून आलेल्या मंडळींना इथे हमखास फसगत होते. तिथे हजारो माणसं पुढे-मागे असतात, भंडारे असतात, ‘हर बोला महादेव’ म्हणत माणूस ढकलला जातो. इथल्या खोऱ्यात तुमच्यामागे कुणी येत नसतं.

वेळेचा हिशेब

किलोमीटर बघून वेळ ठरवू नका. या जंगलात गटाचा वेग तासाला ३ किलोमीटर धरा आणि प्रत्येक ३०० मीटर चढाला वरून एक तास. समजा ८ किलोमीटरची वाट आहे आणि एकूण चढ ४५० मीटर. चालण्याचे २ तास ४० मिनिटं, चढाचा दीड तास, म्हणजे ४ तास १० मिनिटं. दर तासाला दहा मिनिटं बसणं आणि अर्ध्या तासाचं जेवण मिळवलं की साडेपाच तास. गटातला सगळ्यात हळू माणूस याहून हळू असेल, तर त्याचाच वेग खरा.

आता परतीची वेळ काढा. डिसेंबरात इथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, पण खोऱ्यात साडेचारलाच सावली भरते. म्हणून पाचला गावात, हे पक्कं. तिथून मागे मोजा. खाली उतरायला दीड तास लागला तर वर यायला तीन तास ठेवा. म्हणजे दोनला तुम्ही जिथे असाल तिथून उलटं फिरायचं, मग धबधबा दहा मिनिटांवर असला तरी. ही उलटफेरीची वेळ सकाळी निघतानाच सगळ्यांना मोठ्याने सांगून ठेवा. खाली गेल्यावर ठरवायला बसलात की धबधबा जिंकतो.

पाणी, शिदोरी, पाठीवरचं ओझं

थंडीत माणशी ३ लिटर, मार्चच्या पुढे ५. खोऱ्यात उतरून चढायचं असेल तर निम्म्याहून जास्त पाणी परतीच्या चढाला शिल्लक पाहिजे, आणि ते वेगळ्या बाटलीत ठेवलं तरच शिल्लक राहतं. नाल्याचं पाणी नितळ दिसलं तरी वर कुठे ढोरं बसलेली असतात. उकळी फुटल्यावर मिनिटभर खळखळू द्या, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

नुसतं पाणी पीत राहिलं की दुपारी पोटऱ्यांत गोळे येतात. ओआरएसची पाकिटं नेली नसतील तर घरीच पुडी बांधून घ्या: लिटरभर पाण्याला सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर तहान वाढते.

खायला फुटाणे, शेंगदाणे, गूळ, दशम्या, ज्वारीची भाकर आणि कोरडी चटणी. ओला ठेचा डब्यात असेल तर ठीक, पण तिखटाने पाणी जास्त लागतं हे लक्षात ठेवा. संत्री जरूर न्या, सालं पिशवीत परत आणा. एकदा सालं-पोळी मिळाली की त्या जागी माकडं पुढच्या माणसाच्या पिशवीला हात घालतात.

पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या सहाव्या भागाच्या आत. साठ किलोच्या माणसाला १० किलो म्हणजे डोक्यावरून पाणी. लागतात त्या वस्तू थोड्या: शिटी, हेडलाइट (डोक्याला बांधायची बॅटरी; मोबाइलचा टॉर्च नव्हे, त्याने हात अडकतो), सुती दुपट्टा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, जादा मोजे, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, पावसाळ्यात मोबाइलला प्लास्टिकची पिशवी. दुपट्टा ऊन अडवतो, मधमाशांत तोंड झाकतो, हात मोडला तर गळ्यात बांधायला होतो. गडद हिरवे-खाकी रंग घाला. सेंट-अत्तर घरी ठेवा.

बूट नवे घालून येऊ नका. रबरी तळाचे, खोल नक्षीचे, घोट्याच्या वर जाणारे कॅनव्हासचे हंटर बूट स्वस्त आहेत आणि ओल्या बेसाल्टवर महागड्या गुळगुळीत स्पोर्ट्स शूजपेक्षा चांगले धरतात. नखं कापून या. उतारावर बोटं पुढे आदळतात, वाढलेलं नख संध्याकाळी काळंनिळं होतं. उतार सुरू होण्याआधी नाडी सोडून टाच मागे ठोकायची आणि घोट्याजवळ पुन्हा घट्ट बांधायची.

काठी हवीच. मानवेल बांबूची, छातीइतकी उंच. मानवेल जवळजवळ भरीव असतो, म्हणून वजन टाकलं तरी चिरत नाही. काटस बांबू पोकळ, तो दगडात अडकून फुटतो. जंगलात तोडायची नाही, परतवाड्याच्या बाजारातून घेऊन यायची.

पानांच्या उतारावर पाय

इथे सगळ्यात जास्त घोटे मुरगळतात ते पावसात नव्हे, फेब्रुवारी-मार्चात. सागाचं पान हातभर मोठं, वाळलं की पापडासारखं. दहा-बारा पानांचा थर साचतो आणि त्याखाली मुरूम असतो: बोराएवढे, आवळ्याएवढे गोल खडे. वरून टाच टाकली की पानावर पान सरकतं, खाली खडे गोळ्यांसारखे फिरतात, आणि माणूस एकदम बुडावर. हात मागे टेकवतो, मनगट जातं.

म्हणून अशा उतारावर टाच आधी टाकायची नाही. अंग थोडं आडवं करा, डोंगर एका कुशीला घ्या. काठी उताराच्या बाजूला पुढे रोवा आणि तिच्या टोकाने पानं बाजूला सारा. यात दोन कामं होतात: खालची जमीन दिसते आणि पानांत बसलेलं फुरसं-घोणस असेल तर हलतं. मग पाऊल आडवं, पूर्ण तळवा एकदम टेकवून, गुडघा किंचित वाकवून ठेवा. वजन तिकडे गेल्यावरच मागचा पाय उचला. पावलं छोटी. मागच्या माणसाने पुढच्याच्या डोक्याच्या रेषेत चालू नये, सुटलेला गोटा सरळ खाली जातो. गोटा सुटलाच तर गप्प बसू नका, ‘गोटा, गोटा’ असं ओरडा.

ओल्या दिवसात तंत्र बदलतं. काळा खडक शेवाळाने हिरवट-चकचकीत दिसला की टाळा, खरखरीत राखाडी दिसला की धरा. झाडाची मुळं आडवी आली तर त्यांच्यावर नव्हे, त्यांच्या वरच्या अंगाला मातीत पाय ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळी गवत पिकतं. कुसळं मोज्यांतून आत शिरून टोचत राहतात, त्यावर पोटरीला जाड कापडी पट्टी गुंडाळणं हा सोपा इलाज. हिवाळ्यात खाजकुयलीच्या तपकिरी मखमली शेंगा वेलीवर लोंबतात. लव अंगाला लागली तर चोळू नका. चिकटपट्टी दाबून ओढा, मग साबणाने धुवा.

वाट हरवते कशी

ढोरवाटेने. माणसाची वाट कुठेतरी जायला निघालेली असते, ढोरवाट चरायला. उतारावर एकाला एक समांतर अशा चार-पाच पुसट रेघा दिसल्या, जागोजागी शेण, आणि वाट फुटून फुटून विरळ होत गेली, तर ती ढोरांची. ती पाण्यावर नाहीतर गवतात संपते. दुसरा चकवा जाळरेषेचा. वणवा अडवायला वनखातं झाडोरा काढून लांब पट्टा साफ करतं. तो रस्त्यासारखा रुंद, सरळ, मोहात पाडणारा असतो, पण गावाला जाईलच असं नाही.

दर अर्ध्या तासाला मागे वळून बघा. परतताना वाट उलटी दिसते, तीच ओळखीची करून ठेवायची. फाटा आला की तिथे गटाने थांबायचं, शेवटचा माणूस आल्याशिवाय कुणी वळायचं नाही. सगळ्यात जास्त वेळ याच एका चुकीत जातो: पुढचे उजवीकडे, मागचे डावीकडे, आणि मग दोघं एकमेकांना शोधतात.

वाट गेली असं वाटलं तर थांबा, पाणी प्या, शेवटची खात्रीची जागा आठवा आणि तिथे मागे जा. नाल्याने खाली जायचं नाही. ‘पाणी गावाकडे जातं’ हे सपाटीवर, वावरा-पांदणीच्या मुलखात खरं आहे. या पायऱ्यांच्या डोंगरात नाला दर थराला कड्यावरून उडी मारतो. तुम्ही पहिल्या पायरीवरून कसेबसे घसरत उतरता, दुसरी उतरता येत नाही, आणि आता पहिली चढताही येत नाही. जायचंच तर सोंडेने वर जा. वर नेटवर्क मिळायची शक्यता असते आणि दुरून दिसता.

मोबाइलवर नकाशा घरीच उतरवून ठेवा, जंगलात रेंज तुटक आहे. झाडांवर रंगाने लिहिलेले किंवा हद्दीच्या दगडी बुरुजांवरचे आकडे दिसले तर त्यांचा फोटो काढा. ते वनखंडाचे क्रमांक असतात, वनरक्षकाला तेवढ्यावरून तुम्ही कुठे आहात ते कळतं. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, रुग्णवाहिका १०८. शिटीचे तीन लांब आवाज, मिनिटभर थांबून पुन्हा तीन.

नाला आणि वीज

जुलै-ऑगस्टात तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वरच्या पठारावर पाऊस कोसळत असतो. पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या तरंगत येऊ लागल्या किंवा वरून घरघर ऐकू आली की पात्रातून बाहेर पडा, पिशवी राहिली तर राहू द्या. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं तर ओलांडायचं नाही. वरचा पाऊस थांबला की दोन-तीन तासांत लहान नाला उतरतो. तेवढं बसून काढा. ओलांडताना बूट पायातच ठेवा, पिशवीचा कमरपट्टा सोडा, काठी पाण्याच्या वरच्या बाजूला टेकवा, तोंड प्रवाहाकडे.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस मोजून होत नसतील तर पठारावरून, एकट्या झाडाखालून आणि बुरुजावरून निघा.

जनावरं

वाघाची भीती सगळ्यांना असते, गाठ पडायची शक्यता अस्वलाची जास्त. अस्वल वारूळ उकरण्यात किंवा मोहाखाली फुलं खाण्यात इतकं गुंग असतं की तुम्ही जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, आणि दचकलं की सरळ अंगावर येतं. मार्च-एप्रिलात मोह गळतो तेव्हा पहाटे मोहाच्या झाडांजवळून जाऊ नका. कोरकू बाया फुलं वेचायला जातात त्यासुद्धा बोलत, हाका मारत जातात. हिवाळ्यात बोरांच्या बिया भरलेली विष्ठा, ताजी उकरलेली वारुळं दिसली की आवाज वाढवा. वळणावर, दाट बांबूत, वाऱ्याच्या उलट दिशेने चालताना काठी दगडावर आपटत चला. समोर आलंच तर पळू नका, पाठ न दाखवता मागे सरका. अंगावर आलं तर पालथं पडून दोन्ही हातांनी मान आणि डोकं झाका.

वाघ-बिबट दिसला तर वाकू नका, बसू नका, लेकरांना कडेवर घ्या, सगळे एकत्र उभे राहून हळूहळू मागे या. रानगवा फुस्स करून मान खाली घालतो, तेव्हा तुम्ही त्याच्या वाटेत आहात. बाजूला व्हा, झाड मध्ये घ्या.

कड्यांवर आणि किल्ल्याच्या कमानींखाली आग्यामोहोळं असतात. काळी लोंबती पोळी दिसली की बोलणं बंद, धूर बंद, फ्लॅश बंद. माशा उठल्याच तर दुपट्ट्याने तोंड झाकून झाडीतून सरळ दूर जा. हात झटकत एका जागी उभं राहणं सगळ्यात वाईट. काटे नखाने खरवडून काढा, चिमटीत धरून पिळू नका. श्वास लागला किंवा ओठ सुजले तर तातडीने दवाखाना.

साप चावला तर चिरा देणं, चोखणं, दोरीने आवळणं यातलं काही नको. अंगठी, कडं, बूट काढा, चावलेला भाग काठी बांधून मोडक्या हाडासारखा स्थिर करा आणि माणसाला चालवू नका. चादर आणि दोन काठ्यांची डोली करून उचला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते, म्हणून साप मारून सोबत आणायचा खटाटोप करू नका. चावल्याची वेळ चिठ्ठीवर लिहा. मण्यारीची खूण कधी दिसतच नाही. रात्री मुक्कामी झोपलेल्या माणसाचं सकाळी पोट दुखतंय आणि पापण्या जड झाल्यात, एवढं पुरेसं आहे धावायला.

घरी आल्यावर

ऑगस्ट ते नोव्हेंबरात गवतात बसलात, लोळलात, तर त्याच दिवशी गरम पाण्याने साबण लावून अंघोळ करा आणि कपडे वेगळे धुवा. काख, जांघ, कमरपट्ट्याखालची कातडी, कानामागे नीट बघा. गोचीड असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तेल-रॉकेल लावू नका. गवतातले चिगर हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांच्यातून स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. पुढच्या तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी आली, अंगावर कुठे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली किंवा नाही दिसली तरी, डॉक्टरांना ‘मेळघाटात गवतात फिरलो होतो’ हे आपणहून सांगा. औषध साधं आणि स्वस्त आहे, पण विचारल्याशिवाय ते कुणाच्या डोक्यात येत नाही. मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्यांत चार दिवस निघून जातात.